आधी तुझ्या देशाचा पूल कुठंय ते सांग

बाळा,

तुझ्या कादंबरीची फाईल वाचली, दोनदा वाचली. तू मनानं रचलेल्या देशाचा नकाशा, झेंडा, अवकाश आन् सायबर मिळून एकच सेना, तिचा काळा-निळा युनिफॉर्म, वर लेझर मारणारे सॅटेलाईट आन् खाली चाळीस हजार हॅकर. मेहनत दिसायलीय. पण एक विचारतो, राग नको मानू, ही सेना जमिनीवर बसते कुठं? अख्ख्या फाईलमधी एक डिश अँटेना नाही, एक केबल नाही, एक क्लार्क नाही.

माझं आयुष्य टेलिफोनच्या लायनीत गेलं त्यामुळं डोकं आधी तिकडंच जातं. रस्ता रुंदीकरणात जेसीबीचा दात फायबरला लागला की तालुक्याची बँक, एटीएम, सेतू केंद्र सगळं एका झटक्यात गप्प, हे तू पण बघितलंयस. हल्ला कुणी केलेला नसतो बरं का, ड्रायव्हरला तर पत्ताही नसतो. मग ज्याला खरंच हल्ला करायचाय तो लेझर घेऊन वर कामून जाईल?

नळदुर्ग घे. १९४८ ला निजामाचं संस्थान म्हणजे स्वतःला वेगळा देश समजणारं राज्य, स्वतःची फौज, सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानानं शस्त्रं आणून द्यायचा, म्हणजे तुझ्या कादंबरीला शोभेल असा सगळा थाट. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून भारतीय सैन्य आलं आन् त्यांनी बोरी नदीवरचा पूल उडवला जायच्या आत धडधाकट ताब्यात घेतला, नळदुर्गच्या फौजेवर चाल त्यानंतर केली. १७ तारखेला निजामाची शरणागती. एवढा मोठा किल्ला, पण गाडा पुढं सरकला तो पुलावरून. तुझ्या देशाचा असा पूल कोणता, हे आधी ठरव.

मला विचारशील तर ग्राऊंड स्टेशन, म्हणजे सॅटेलाईटशी बोलणारं जमिनीवरचं डिश अँटेनाचं ठाणं. संध्याकाळी स्पेस स्टेशन आपल्यावरून जातं तवा गच्चीवर घड्याळ घेऊन उभा राहा, चांगला पास, म्हणजे आपल्यावरून जाणारी फेरी, असला तरी पाच-सहा मिनिटांत गायब. ते चारशे किलोमीटरवर आहे, तुझे हेरगिरीचे सॅटेलाईट पाचशेवर धरले तरी एका जागेवरून एका फेरीत फार तर दहा-बारा मिनिटं दिसणार, ते पण दिवसातून मोजक्याच वेळा. तेवढ्यात फोटो खाली उतरवायचे आन् हुकूम वर पाठवायचा. म्हणून तर इस्रोला बंगळुरू, लखनौ, पोर्ट ब्लेअर करून भागत नाही, मॉरिशस, ब्रुनेई आन् इंडोनेशियातल्या बियाकलाही स्टेशन लागतात. तुझा देश तर चारी बाजूंनी जमिनीनं वेढलेला, मग त्याला स्टेशनसाठी जागा कोण देतं, आन् युद्ध लागल्यावर तो शेजारी करार पाळतो का? यात सबंध एक प्रकरण निघतंय बघ.

आता खरं उदाहरण. २४ फेब्रुवारी २०२२, रशियानं युक्रेनवर चाल केली त्याच्या तासभर आधी सॅटेलाईटवरून इंटरनेट देणाऱ्या वियासॅट कंपनीच्या केए-सॅट नेटवर्कवर हल्ला झाला. सॅटेलाईटला कुणी बोट पण लावलं नाही. नीट सेटिंग न केलेल्या एका व्हीपीएनमधून, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कात यायच्या खाजगी वाटेतून, हल्लेखोर आत शिरले आन् हजारो मोडेमना असा हुकूम सोडला की त्यांची मेमरीच पुसली गेली. वर सॅटेलाईट ठणठणीत, खाली मोडेम म्हणजे नुसते डबे. आन् गंमत बघ, जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचं दूरवरून लक्ष ठेवणं बंद पडलं, पाती फिरत होती पण ऑफिसात काही दिसेना. कंपनीला नंतर तीस हजाराच्या आसपास मोडेम बदलून पाठवावे लागले. तुझ्या चौथ्या प्रकरणात जो स्फोट आहे त्याच्यापेक्षा मला हे तीस हजार डबे पार्सल करणारं गोदाम जास्त वाचावंसं वाटतं, पण ती माझी आवड झाली.

स्फोट ठेवायचाच असेल तर उंची तेवढी बदल. तू आठशे किलोमीटरवर शत्रूचा सॅटेलाईट फोडलास. चीननं २००७ ला साधारण तेवढ्याच उंचीवर स्वतःचाच जुना हवामान सॅटेलाईट फोडला, तीन हजाराच्या वर नोंद घेण्याजोगे तुकडे झाले आन् त्यातले कितीतरी अजून फिरायलेत. भारतानं २७ मार्च २०१९ ला मिशन शक्ती केलं ते तीनशे किलोमीटरच्या आसपास, मुद्दाम खाली, म्हणजे बहुतेक कचरा लवकर पडून जळावा, तरी काही तुकडे वर उडालेच. तुझा सेनापती जिंकल्यावर त्याच कक्षेतून त्याचे स्वतःचे सॅटेलाईट जाणार आहेत, हे त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे.

अवकाश आन् सायबर एकाच दलात घालायची तुझी आयडिया वेडी नाही. चीननं ३१ डिसेंबर २०१५ ला असंच एक दल काढलं आन् एप्रिल २०२४ ला मोडून अवकाश, सायबर आन् माहिती सहाय्य अशी वेगवेगळी तीन केली. अमेरिकेनं २०१९ ला स्पेस फोर्स काढली, पण सायबर कमांड वेगळीच ठेवली. आपल्याकडं पण तिन्ही दलांच्या मिळून दोन एजन्सी आहेत, एक अवकाशाची, एक सायबरची. तू एकत्रच ठेव, फक्त त्यांची भांडणं दाखव. सॅटेलाईटवाला म्हणणार माझं नेटवर्क आत्ता बंद करू नको, पास सुरू व्हायलाय, सायबरवाला म्हणणार आत्ता नाही केलं तर व्हायरस पसरंल, आन् दोघांचा साहेब एकच. हाच तुझा सीन.

आन् ते चाळीस हजार हॅकर कमी कर बाबा. एवढी पोरं शिकवली कुणी, आन् शिकल्यावर सरकारी पगारावर टिकली कशी? तुझ्या देशात पुणे नाही का? चारशे ठेव, त्यातली निम्मी नुसते लॉग, म्हणजे कॉम्प्युटरनं ठेवलेल्या नोंदी, वाचणारी आन् पासवर्ड बदला म्हणून लोकांच्या मागं लागणारी, ज्यांचा सगळ्या ऑफिसला वैताग आलेला आहे अशी. खरं बहुतेक काम तेच असतं.

राहिला कायदा. १९६७ च्या अवकाश करारात कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला बंदी आहे, साध्या शस्त्रांना तशी सरसकट नाही, म्हणजे तुझं लेझर त्या कलमात अडकत नाही. पण देशातल्या खाजगी कंपनीनं वर काही उद्योग केला तरी जबाबदारी सरकारवर येते. तुझा तो उद्योगपती मोकाट सोडलायस, त्याला हे लागू कर.

पुढचा ड्राफ्ट लगेच नको पाठवू. आधी एक साधा नकाशा कर, स्टेशन कुठं, केबल कोणत्या रस्त्यानं जाते, जनरेटरचं डिझेल किती दिवस पुरतं, आन् रात्री दोनला लिंक तुटली तर तो जेसीबी आहे का शत्रू हे ठरवायचा अधिकार कुणाला. त्या माणसाला नाव दे आन् रँक लहान ठेव. दिवाळीत येशील तवा नकाशा घेऊनच ये, मी तुझी केबल कुठून तोडायची ते शोधून ठेवतो.

तुझा,
काका