क्रिएटिनिनची वाट पाहू नकोस

पीआयसीयूत, म्हणजे मुलांच्या अतिदक्षता विभागात, नवीन आहेस म्हणून आधी हेच सांगते: रक्तातलं क्रिएटिनिन मूत्रपिंडाची खबर देतं, पण उशिरा बोलतं. मूत्रपिंडाला इजा झाल्यावर ते वाढायला एक-दोन दिवस जातात. त्यात ते तयार होतं स्नायूंतून आणि लहान मुलांचे स्नायू कमी, म्हणून मुळातला आकडाही छोटा. 0.3 चं 0.6 झालं तर रिपोर्टवर लाल खूण येणार नाही, पण ते दुप्पट झालंय; केडिगो या आंतरराष्ट्रीय निकषांत हा मूत्रपिंडाच्या इजेचा दुसरा टप्पा. म्हणून आकडा 'नॉर्मल' आहे का हे बघू नकोस, त्या मुलाचा आधीचा आकडा शोध.

आणि लघवी मोज. दर तासाला, मिलिलिटर प्रति किलो. सहा तास 0.5 च्या खाली राहिली की सीनियरना उठव, मग रात्रीचे तीन का वाजेनात. अतिदक्षता विभागातल्या मुलांच्या मूत्रपिंड-इजेवरच्या 2017 च्या 'अवेअर' अभ्यासात, लघवी कमी झालेल्या मुलांपैकी 67 टक्क्यांची इजा नुसत्या क्रिएटिनिनवर कळलीच नसती. डायपर वजन करायचा कंटाळा केला की हीच मुलं निसटतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

दिलेलं आणि बाहेर पडलेलं पाणी रोज जुळव. अंगात जमा झालेलं पाणी दाखल होतानाच्या वजनाच्या 10 टक्क्यांवर गेलं तर ती धोक्याची खूण. शिवाय त्या पाण्यानं क्रिएटिनिन पातळ होऊन खोटा दिलासा मिळतो.

व्हेंटिलेटर आणि इनोट्रोप (हृदयाचा जोर वाढवणारी औषधं) दोन्हींवर असलेल्या मुलाकडे जास्त लक्ष दे. व्हॅन्कोमायसिन, अमिकासिन ही मूत्रपिंडाला इजा करू शकणारी अँटिबायोटिक्स रोज खरंच लागतायत का, हे राउंडला विचार. नवीन आहेस म्हणून गप्प राहू नकोस.