डोकी मोजायची की घरं?

मागच्या लेखात फ्रान्सच्या १७८९ च्या राज्यक्रांतीचा ओझरता उल्लेख आला आणि प्रश्नांचा ढीग पडला. त्यातले काही आज घेतो.

लोक उपाशी होते म्हणून क्रांती झाली, एवढं साधं आहे का? (मंगळवार पेठ)

उपाशी लोक फ्रान्सला नवे नव्हते. पीक बुडायचं, दंगे व्हायचे आणि राजा आपला जागच्या जागी. या वेळी लोकांच्या चुलीबरोबर राजाची तिजोरीही थंड पडली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांची खोड मोडायला सोळाव्या लुईनं पैसा ओतला, तोही कर्ज काढून. १७८८ साली सरकारी खर्चातला जवळपास निम्मा पैसा कर्जापायीच जात होता. ज्यांच्याकडे जमिनी, त्या सरदारांना आणि धर्मगुरूंना करात सवलती, ओझं कुणब्या-कारागिरांवर. बऱ्याच भागांत आठ वर्षांवरच्या प्रत्येकाच्या नावे ठरलेलं मीठ सरकारी दरानं घ्यावंच लागे, घरात कालवण असो वा नसो. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर आपली माणसं का गेली हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही चीड वेगळी सांगायला नको. त्यात १७८८ च्या जुलैत गारपीट झाली, पुढचा हिवाळाही कडक गेला. पॅरिसच्या मजुराची निम्म्याहून जास्त कमाई नुसत्या पावावर जाऊ लागली.

आता राजाला नवे कर हवे होते, म्हणून त्यानं १६१४ नंतर पहिल्यांदाच तीन वर्गांची सभा बोलावली : धर्मगुरू, सरदार आणि उरलेले सगळे. तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी सुमारे ६००, पहिल्या दोघांचे मिळून साधारण तेवढेच. पण जुन्या रिवाजानं मत वर्गाला एक! म्हणजे निकाल कायम दोन विरुद्ध एक. आपल्या साखर कारखान्याच्या सभेत शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. तिथं उद्या कुणी म्हणालं, ‘डोकी मोजू नका, तीन घरांना तीन मतं द्या,’ तर मांडव जागेवर राहील का? ही सभा भरली त्या व्हर्सायलाही राहिला नाही. १७ जूनला तिसऱ्या वर्गानं स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवलं. २० तारखेला सभागृहाला कुलूप दिसल्यावर मंडळी टेनिसच्या बंदिस्त कोर्टात जमली आणि राज्यघटना झाल्याशिवाय पांगायचं नाही अशी शपथ घेतली. माझ्या मते क्रांती झाली ती इथं. १४ जुलैला पॅरिसच्या बॅस्तील या तुरुंग-किल्ल्यावर चालून गेलेल्यांना मुख्यतः बंदुकीची दारू हवी होती. आत कैदी होते अवघे सात.

‘भाकरी नाही तर केक खा’ असं राणी खरंच म्हणाली? (गडहिंग्लज)

पुरावा नाही. विचारवंत रूसोनं एका ‘थोर राजकन्ये’च्या तोंडी असं वाक्य लिहिलं, तेव्हा लुईची ही राणी, मारी आंत्वानेत, ऑस्ट्रियात खेळण्याच्या वयाची होती.

राजा ठेवूनही सुधारणा झाल्या नसत्या का? (इचलकरंजी)

बऱ्याच जणांना तेच हवं होतं, आणि दोन वर्षं तो प्रयत्न चाललाही. जून १७९१ मध्ये लुई वेष बदलून, बायकामुलांसह रात्री पळाला. सरहद्दीच्या वाटेवर एका टपालठाण्याच्या प्रमुखानं त्याला ओळखलं; कागदी चलनावर छापलेला चेहरा मिळताजुळता वाटला, असं सांगतात. व्हारेन गावात गाडी अडली. जाताना तो स्वतःच्या हातचा लेख मागं ठेवून गेला होता, आणि मान्य केलेल्या सुधारणा आपल्याला मनातून नकोत, हे त्यात उघड होतं. आता त्याच्या सहीला किंमत कोण देणार? पुढं परक्या राजांशी युद्ध पेटलं तसा फितुरीचा संशय पक्का झाला. सप्टेंबर १७९२ मध्ये प्रजासत्ताक आलं, २१ जानेवारी १७९३ ला राजाचा शिरच्छेद झाला.

कोल्हापुरात असं का घडलं नाही? राजा चांगला होता म्हणून? (कागल)

हे अर्धं उत्तर झालं. शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. वरून हुकूम काढून केलेलं हे काम फ्रान्सच्या राजाला एका पिढीत जमलं नाही. पण इथल्या गादीच्या डोक्यावर इंग्रज बसलेला होता, हेही विसरू नका. १८५७ च्या उठावात इथला रोख इंग्रजांवर होता, आणि राजबंधू चिमासाहेबांना त्यांनी कराचीला नेऊन ठेवलं. आणि प्रजेनं काही मागितलंच नाही, असंही नाही. माधवराव बागलांची प्रजापरिषद जबाबदार राज्यपद्धती मागत होतीच. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं, ते गिलोटिनशिवाय, म्हणजे मुंडकं छाटायच्या यंत्राशिवाय.

शेवटी नेपोलियनच आला. मग मिळवलं काय? (राजारामपुरी)

मार्केट यार्डात गुळाचा रवा काट्यावर चढतो तेव्हा आकडा किलोत येतो ना? ते माप या क्रांतीचं आहे. गावोगाव मापं वेगळी, सरदाराचं खंडाचं माप त्याच्या सोयीचं, अशा तक्रारींचे कागद व्हर्सायला आले होते. १७९५ च्या कायद्यानं मीटर आणि ग्रॅम आले. आपले मण-शेर १९५८ पासून हटू लागले. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री मोडीत काढलेले सरदारी हक्क नेपोलियननंही परत आणले नाहीत. मात्र वसाहतींमधली गुलामगिरी १७९४ साली रद्द झाली होती, ती त्यानं १८०२ मध्ये पुन्हा लादली. हैतीच्या लोकांनी १८०४ साली स्वतंत्र होऊनच ती झुगारली. बायकांचं डोकं मतदानात मोजायला तर फ्रान्सला १९४४ उजाडलं.

स्पर्धा परीक्षेत ‘क्रांती कधी संपली’ आलं तर काय लिहू? (शिरोळ)

१७९९ लिहा, नेपोलियननं सत्ता बळकावली ते साल. ‘राजेशाही कधी संपली’ असं विचारलं, तर १७९२ लिहून पुढं ‘पहिल्यांदा’ असं जोडा. शेवटचा सम्राट गेला १८७० साली.