वाचकांचे प्रश्न : धाब्याच्या घरात एसी लावू का?

प्रश्न : नमस्कार भाऊ, चोपड्याजवळ आमचं आजोबांच्या वेळचं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर आहे, मातीच्या भिंती, वर छत पेलणाऱ्या सागवानी सर-कड्या (तुळया). मे हिटमध्ये आई-बाबांचा जीव कासावीस होतो. मेकॅनिक म्हणतो धाबं काढून पत्रे टाका आणि दोन टनाचा एसी लावा. करू का?

उत्तर : दादा, ते पत्र्याचं आधी डोक्यातून काढा. दुपारच्या उन्हात पत्र्याला हात लावता येत नाही इतका तो तापतो आणि ती सगळी धग सरळ खाली खोलीत येते, मग दोन टन काय तीन टन लावा, एसी थांबायचं नाव घेणार नाही आणि बिल बघून आई-बाबा तो लावणंच बंद करतील. धाब्याची जाड माती ऊन हळूहळू आत सोडते, दुपारची धग खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते, म्हणून भर दुपारी अशा घरात बरं वाटायला पाहिजे. तुमच्याकडे दुपारीच तापतंय म्हणजे बहुतेक पावसाने माती धुऊन थर पातळ झालाय. जाणत्या माणसाला वर चढवा, जुनी सुटी माती खरडून मग नवीन खारी माती (धाब्यावर घालतात ती) टाका, थरावर थर देत गेलात तर ओझं सर-कड्यांवर येतं. त्याच वेळी लाकडाला वाळवी आहे का तेही ठोकून बघून घ्या. आणि दिवसा खिडक्या बंद, रात्री गार वारा सुटला की सगळं उघडं, झरोकासुद्धा, कारण मातीत साठलेली उष्णता रात्रीच बाहेर काढावी लागते.

एवढं केल्यावरही म्हाताऱ्या माणसांसाठी एका खोलीत एसी हवाच वाटला तर लावा, त्यात काही चूक नाही, ४४-४५ अंशात त्यांना त्रास होऊ देऊ नका. बारा बाय चौदाच्या खोलीला दीड टन पुरतो, पण जुन्या खोल्या उंच असतात आणि दारं-खिडक्यांना बोटभर फटी असतात, त्या फटी आधी बुजवा. बाहेरचं युनिट मातीच्या भिंतीवर टांगू नका, तीसेक किलोचं वजन आणि वर सततची थरथर, खिळा कधी सैल होईल सांगता येत नाही. अंगणात सावलीत सिमेंटचा छोटा ओटा करून त्यावर ठेवा. एसीचं पाणी जाणारा पाइप भिंतीच्या पायथ्याशी सोडू नका, मातीची भिंत खालून विरघळते, लांब झाडाच्या आळ्यात सोडा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं वायरिंग. अशा घरात बऱ्याचदा जुनी ॲल्युमिनियमची वायर असते, जोडावर ती सैल होते, तापते, आणि वर लाकडी छत आहे! मेन बोर्डापासून एसीसाठी वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढा, तिला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), नीट अर्थिंग, आणि वीज कंपनीने मंजूर केलेला भार कमी असेल तर वाढवून घ्या. पैसे कमी पडत असतील तर एसी पुढच्या वर्षी घ्या पण वायरिंग याच वर्षी करा.

प्रश्न : भुसावळला स्लॅबचं जुनं घर, वरचा मजला. कुलर पूर्वीसारखा गार करत नाही, जाळीवर पांढरा थर बसलाय. आता एसीच घ्यावा का?

उत्तर : ताई, घाई करू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की चांगला कुलर ४३ अंशांची हवा २८-३० पर्यंत आणू शकतो, तेही एसीपेक्षा कितीतरी कमी विजेत. तो पांढरा थर बोअरच्या जड पाण्याचा आहे, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, मग पॅडमधून हवाच जात नाही. टाकी वरून नुसती भरत राहू नका, आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा, क्षारही कमी होतील आणि डेंग्यूच्या डासाची अळीही वाढणार नाही. गवताचं पॅड दर सीझनला बदला, हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखं जाळीदार पॅड) असेल तर लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून धुवा. कुलर खिडकीबाहेर ठेवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, ओली हवा बाहेर गेली नाही तर नुसतं चिकट होतं. जूनमध्ये हवा दमट झाली की कुलर चालत नाही, ते दिवस मात्र एसीचे.

स्लॅबवर चुन्याचा दाट पांढरा हात मारा, उन्हाळ्याआधी दरवर्षी. खर्च अगदी थोडा आणि रात्री फरक कळतो.

एक कळकळीची विनंती सगळ्यांनाच. लोखंडी कुलरमध्ये पाणी भरताना आधी पिन काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मेन बोर्डाला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज अंगातून जाऊ लागली की लगेच तोडणारा स्विच) लावून घ्या. घरात लहान मुलं असतील तर तो आजच लावा.

प्रश्न : दर उन्हाळ्यात एसीत गॅस भरावा लागतो, बारा वर्षं जुना आहे. (जळगाव)

उत्तर : गॅस वापरून संपत नसतो, दरवर्षी भरावा लागतो म्हणजे कुठंतरी गळतोय. गळती शोधून बंद न करता नुसता गॅस भरणाऱ्याला पैसे देऊ नका. मशीनवरच्या चिठ्ठीवर आर-२२ लिहिलं असेल तर आता त्यावर खर्च करू नका, तो गॅस ओझोनला घातक म्हणून बंद होत चाललाय. आणि त्या जुन्या एसीत दुसरा गॅस भरतो असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. नवीन घेताना इन्व्हर्टरचा (बॅटरीचा नव्हे, गरजेप्रमाणे कमी-जास्त वेगाने चालणारा एसी) आणि वीज बचतीचे जास्त स्टार असलेला घ्या.

प्रश्न : धुळ्यात थंडी फार, बाथरूम लहान आहे, आत गॅस गिझर बसवला तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. दार-खिडकी बंद असताना गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही रंग नाही, माणूस बेशुद्ध होतो आणि आतून कडी लावलेली असते. गिझर बाहेर मोकळ्या हवेत बसवा आणि गरम पाण्याचा फक्त नळ आत घ्या. तशी जागाच नसेल तर विजेचा घ्या, पण जड पाण्याने त्याच्या कॉइलवरही क्षार बसतात, तेव्हा वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या आणि टाकीला गंजू न देणारी आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदला. शेगडी खोलीत ठेवून दार लावून झोपणंही तितकंच धोक्याचं आहे, घरातल्या म्हाताऱ्यांना हे समजावून सांगा.