प्रभू येशू परत येणारच आहे, मग मुलीसाठी पैसे कशाला साठवायचे?

युद्धाच्या बातम्या वाढल्या की पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून हाच प्रश्न माझ्याकडे येतो. कुणी ठरलेलं लग्न पुढे ढकलतं, कुणी नोकरी सोडायला निघतं.

वानवडीच्या एका गृहस्थांनी मुलीच्या शिक्षणाची एसआयपी बंद केली होती. रात्री दोनपर्यंत शेवटच्या काळाचे व्हिडिओ, सकाळी कंपनीच्या बसमध्ये डुलक्या. मेहुण्याने "हे खूळ सोडा" म्हटल्यापासून ते मोबाइल लपवून बघत. श्रद्धेला हात घातला की माणूस लपतो. म्हणून मी त्यांना पवित्र शास्त्र घेऊनच यायला सांगितलं.

चौथ्या भेटीत विचारलं, "प्रभू येण्याची तारीख कळली तर काय कराल?"

ते बराच वेळ गप्प होते. "ताई, पप्पांच्या वेळेसारखं होणार नाही. कोविडमध्ये त्यांना वॉर्डात नेलं ते शेवटचंच. मी तयार नव्हतो."

तारखेच्या हट्टाखाली बहुतेकदा असं राहून गेलेलं दुःख असतं. ते शोधल्याशिवाय वचनांवर वाद घालणं मला व्यर्थ वाटतं.

मग मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २४ वा अध्याय उघडला. तो दिवस पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, हे ३६ वं वचन त्यांना पाठ होतं. मी ४५ आणि ४६ वाचायला लावलं. धनी येतो तेव्हा धन्य ठरणारा दास काय करत असतो?

"घरच्यांना वेळेवर जेवायला देतो," ते म्हणाले आणि रडू लागले.

१८४४ मध्ये अमेरिकेत विल्यम मिलर या प्रचारकाच्या अनुयायांनी प्रभू येण्यासाठी २२ ऑक्टोबर ही तारीख धरली, काहींनी उभं पीकही कापलं नाही. बायबलच्या काळात थेस्सलनीका शहराच्या मंडळीतही काम सोडून बसलेले होतेच. प्रेषित पौलाने त्यांना निवांतपणे काम करून स्वतःची भाकर खायला सांगितलं.

उपाय साधे आहेत. रात्री साडेनऊला मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. सकाळी व्हिडिओऐवजी एक अख्खा अध्याय, सुटी वचनं नाहीत. त्याखाली वहीत एक ओळ: आज घरात कुणाला काय द्यायचंय? पहिले तीन-चार दिवस बेचैनी वाढते, मग माणूस धीरासाठी पाळकांना रोज फोन करू लागतो. तिथेच गाडी अडते, कारण तो धीर संध्याकाळपर्यंतच टिकतो. फोनसाठी आठवड्यातून एकच वेळ ठरवा. झोप दोन आठवडे चार तासांच्या खाली असेल किंवा हुकूम देणारे आवाज ऐकू येत असतील, तर प्रार्थनेसोबत मानसोपचारतज्ज्ञही हवेत, आवाज असतील तर त्याच दिवशी.

पप्पांना सांगायचं राहिलेलं वानवडीच्या त्या गृहस्थांनी वहीत लिहिलं. एसआयपी हजार रुपयांनी पुन्हा सुरू झाली. "ये, प्रभू येशू" ही प्रार्थना ते आजही रोज करतात, मुलीचं ताट वाढून झाल्यावर.