पॉलिमर सायन्समध्ये एमएस्सी करावी का, की प्लास्टिकचे दिवसच भरलेत?

तुमचा प्रश्न असा की केमिस्ट्रीत बीएस्सी झाली आहे, पॉलिमर सायन्सला प्रवेश मिळतोय, तर 'सस्टेनेबल प्लास्टिक्स' घेऊन एमएस्सी करावी का? करा. झालं उत्तर. पण खाली एका गृहस्थांनी लिहिलंय, "बायोप्लास्टिक घ्या, रिसायकलिंगच्या नादी लागू नका, ते भंगारवाल्यांचं काम." खरं तर त्या वाक्यासाठी लिहायला बसलेय. हेच वाक्य मी २०१७ साली माझ्या गाइडच्या तोंडून ऐकलंय.

मी जळगावची. लग्नात पंगतीला जी रंगीत प्लास्टिकची चटई अंथरतात, ती आमच्याकडे विणली जाते. माझ्या काकांचं एमआयडीसीत चटईचं छोटं युनिट आहे. भंगारातली पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक, दळायची, दाणा करायचा, दाण्याची पट्टी ओढायची, पट्टी मागावर चढवायची. लहानपणी सुट्टीत मी तिथेच असायचे. काका मालाचा तुकडा लायटरने पेटवायचे, विझवून नाकाशी धरायचे आणि सांगायचे, मेणबत्तीचा वास म्हणजे पॉलिथिन, जळक्या केसांचा म्हणजे नायलॉन. पीव्हीसी तर धुरानेच ओळखू यायची, पोरांना लांब पिटाळायचे. पुढे कॉलेजात हीच 'फ्लेम टेस्ट' म्हणून शिकवली तेव्हा मला हसू आवरेना.

एमटेकला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली. मला पुन्हापुन्हा वितळवलेल्या पीपीवर काम करायचं होतं. गाइड म्हणाले, "पीएलए कर, पेपर होईल." केलं. पीएलए म्हणजे मक्याच्या साखरेपासून लॅक्टिक ॲसिड आणि त्याचं पॉलिमर. दिवाळीत घरी जाताना फिल्मच्या कातरणाची एक गोणी सोबत नेली, काकांना दाखवायला. त्यांनी सवयीने लायटर काढला. वास घेतला. "गोड येतो गं. जिलबीच्या कढईसारखा." मी मक्याची सगळी कथा ऐकवली आणि गोणी ग्राइंडरशेजारी ठेवून घरी आले.

रात्री दोनला फोन. पट्टी टिकत नव्हती. मशीनमधून नीट बाहेर यायची, ताणायला गेलं की तुटायची. कारागीर पुन्हा ओवायचा, पुन्हा तुटायची. पोचलो तेव्हा जमिनीवर शेवयांसारखा ढीग पडला होता. जाळी बदलून झाली होती, तापमान वर-खाली करून झालं होतं. काकांनी एक तुकडा ट्यूबलाइटखाली धरला. आत बारीक बुडबुडे, आणि लांबीच्या दिशेने पांढुरक्या रेघा. मग नाकाशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

रात्रपाळीच्या पोराने माझी गोणी पीपीत ओतून दळली होती. बिचाऱ्याची काय चूक? दोन्ही पारदर्शक, दोन्ही कुरकुरीत. धुवायच्या हौदातून माल गेला असता तर पीएलए तळाला बसलं असतं, कारण त्याची घनता १.२४ आणि पीपीची ०.९ च्या आसपास. पण त्या दिवशीचा माल स्वच्छ होता म्हणून थेट दळला. पीएलए आधी कडक वाळवावं लागतं, नाहीतर मशीनमध्ये त्यातल्या ओलीची वाफ होते आणि रेणूंच्या लांब साखळ्याही तुटतात. पीपीत ते विरघळत तर नाहीच, वेगळे ठिपके बनून बसतं आणि पट्टी तिथेच तुटते. चारशे किलो दाणा वाया. काका ओरडले नाहीत. चहा दिला आणि म्हणाले, "माय, तुझं प्लास्टिक चांगलंच असेल. पण ते आमच्यात मिसळत नाही."

ती मूठभर पट्टी मी लॅबमध्ये आणली. डीएससीच्या (नमुना तापवत उष्णतेतले बदल टिपणारं यंत्र) आलेखावर ६० अंशांजवळ एक छोटी पायरी दिसली. पीपीला तिथे काही नसतं, ती पीएलएची खूण. काकांच्या नाकाला यंत्राची सही मिळाली.

मग शनिवारी गुपचूप दुसरं काम सुरू केलं. काकांकडून दाण्याच्या पाच पिशव्या मागवल्या: कोरा, एकदा वितळवलेला, दोनदा, असं पुढे. एमएफआय काढला, म्हणजे वितळलेला माल ठरावीक वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम वाहतो तो आकडा: २३० अंश, २.१६ किलो. कोरा ३ च्या आसपास, पाचवा १४. दर वेळी पीपीच्या साखळ्या तुटतात, माल पातळ होतो. (पॉलिथिनचं अनेकदा उलट होतं, साखळ्या एकमेकींना जुळतात आणि माल घट्ट होतो. मुलाखतीत हमखास विचारतात.) काकांनी नुसत्या स्पर्शावरून आणि वाकवून पिशव्यांचा क्रम लावला होता, एकच चुकली.

गाइडना दाखवलं. त्यांनी कागद वाचलासुद्धा नाही. "यात नावीन्य काय? भंगारवाल्यांचा विषय आहे हा." कॉलेजचं नाव सांगत नाही. पीएलएवरचा माझा पेपर छापून आला. त्या फिल्मबद्दल आजवर मला एकाही माणसाने फोन केलेला नाही. पगार मात्र मला आठ वर्षं त्या शनिवारच्या कामाचा मिळतोय, पुण्यात कंपाउंडिंगच्या (प्लास्टिकमध्ये हवे ते घटक मिसळून दाणा बनवणाऱ्या) कंपनीत.

म्हणून माझं मत सरळ आहे: विषयाच्या नावावर जाऊ नका. अभ्यासक्रमात रिओलॉजी (वितळलेला माल कसा वाहतो), डिग्रेडेशन (साखळ्या कशा तुटतात) आणि प्रत्यक्ष मशीनवर प्रोसेसिंग किती आहे ते बघा. 'बायो' शब्दाला भुलू नका. उसापासून केलेलं पॉलिथिन कुजत नाही आणि पीबीएटी नावाचं प्लास्टिक बहुतेक करून पेट्रोलियमचं असूनही कुजतं. पीएलएची पिशवी कुजायला ५८-६० अंश गरम, ओला कंपोस्ट प्लांट लागतो. जळगावच्या उन्हाळ्यात हवा ४५ ला जाते, पण हातभर खोल मातीत तेवढी ऊब नसते आणि ओल तर मुळीच नसते. आणि देशाच्या २०२२ च्या नियमांत कडक पॅकेजिंगमध्ये २०२५-२६ पासून ३० टक्के रिसायकल्ड माल आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के असं लिहिलंय. तो माल ठरलेल्या गुणवत्तेचा कोण बनवणार? लायटर घेऊन बसलेले काका एकटे पुरणार नाहीत.

कॉलेजांचं म्हणाल तर माटुंग्याची आयसीटी, नागपूरचं एलआयटी आणि सिपेट ही नावं तुम्हाला माहीत असणारच. फी आणि कटऑफचं इथे दुसरं कोणी सांगेल.

आता थोडं स्वतःविरुद्ध. पीएलए अगदीच टाकाऊ नाही, शरीरात विरघळणारे टाके आणि स्क्रू त्याच कुटुंबातले आहेत. आमच्याकडे शेतात अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर उचलताना चिंध्या होतात आणि मातीतच राहतात. तिथे नांगरून कुजणारी फिल्म हवीच आहे. आणि काकांच्या शेडमध्ये धूर बाहेर काढायला एक पंखाही धड नाही. त्यांचा खोकला सगळ्या घराला माहीत आहे. मी जो लायटर एवढा कौतुकाने सांगितला, तो तुम्ही वापरू नका. पीव्हीसीचा धूर एकदा नाकात गेला की कळेल.

काका आता दर महिन्याला नमुने मला पाठवतात. एमएफआयचा आकडा सांगायला फोन केला की आधी स्वतःचा अंदाज बोलतात. मागच्या खेपेला म्हणाले, "नऊ." साडेआठ आला होता.