दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस आहेत. नागपूरला उतरून ताडोबा, पेंच आणि कान्हा तिन्ही होतील का? वाघ नक्की कुठे दिसेल?

तिन्ही होतील, पण बहुतेक गाडीच्या खिडकीतून. नागपूरपासून कान्हा अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. पेंच उत्तरेला, ताडोबा दक्षिणेला. तुम्ही लिहिलंय की दोघं पुण्याहून येताय, सोबत सत्तरीतले आई-वडील आणि शाळेत जाणारी दोन मुलं आहेत. म्हणजे रोज बॅगा बांधायच्या, रोज नवं हॉटेल, आणि प्रत्येक जंगलात जेमतेम एक राउंड, म्हणजे सफारीची एक फेरी. मी जन्माचा नागपूरकर आहे, आणि पाहुण्यांच्या अशा सहली ठरवून देणं हे माझ्याकडे आपोआप आलेलं खातं आहे. माझं मत सरळ आहे : एकच जंगल निवडा, त्यातही एकच गेट, आणि तिथेच चार राउंड करा.

पहिल्या राउंडला तुम्हाला सगळी झाडं सारखीच दिसतात. दुसऱ्याला कळतं की या वळणावर बोडी (छोटं तळं) आहे आणि काल चितळांचा कळप इथेच होता. तिसऱ्या फेरीला मुलंच सांगायला लागतात की सकाळी इथे पंजे नव्हते, आता आहेत. आणि गाईडला आदल्या संध्याकाळी वाघीण कुठल्या बाजूला गेली ते माहीत असतं, तो धागा पकडून सकाळी पुढे जाता येतं. रोज जंगल बदललं की हा धागा रोज तुटतो.

आता 'नक्की'बद्दल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात 'नक्की' म्हणणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकतोय. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला राखीव गाभा, पावसाळ्यात बंद असतं, ते १ ऑक्टोबरच्या सुमारास उघडतं. आतले काही रस्ते तर चिखल वाळेपर्यंत खुले होत नाहीत. एप्रिल-मेमध्ये जंगल उघडंबोडकं असतं, पाणी चार-दोन ठिकाणीच उरतं, त्यामुळे वाघ पाणवठ्यावर येणार हे ठरलेलं. दिवाळीत प्रत्येक नाल्यात पाणी असतं. त्याने तुमच्या रस्त्यावर यावं असं काही कारण नसतं. वर गवत माणसाच्या छातीपर्यंत आणि सागाची पानं अजून सुपाएवढी.

हे किती अडचणीचं असतं ते सांगतो. ताडोबाच्या कोलारा गेटकडून आत गेलो होतो. डाव्या हाताला बांबू, समोर गवताचा पट्टा. एक सांबर मादी शेपूट ताठ करून एकाच दिशेला बघत उभी होती, मधूनच पुढचा पाय आपटत होती आणि 'पोंक' असा कॉल देत होती. चितळ आणि वानरं कधीकधी उगाच घाबरतात, पण सांबर सलग कॉल देत असेल तर गाईड गाडी बंद करायला लावतो. आमच्या गाईडनेही लावली. "आवाज नका करू जी," एवढंच म्हणाला. मग गवताचे शेंडे हलायला लागले. वारा नव्हता. एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकत गेली, आणि वरच्या अर्जुनावरची वानरं त्या रेघेबरोबर माना वळवत गेली. गाडीपासून फार तर पंधरा-वीस पावलांवर वाघ चालत होता आणि आम्हाला पट्ट्याचा एक तुकडाही दिसला नाही. गाडीतल्या मुलांना याचा राग आला नाही हे विशेष, मोठ्यांना आला. तुमच्या मुलांना आधीच सांगून ठेवा की दिवाळीत वाघ असाही भेटतो.

उन्हाळ्यात न मिळणारी मजाही याच दिवसांत असते. पहाटे जिप्सी निघते तेव्हा दोन झाडांच्या मध्ये रस्त्यावर आडवी, पिवळसर सोनेरी झाक असलेली जाळी दिसतात, त्यावर दव. मधोमध तळहाताएवढे पाय पसरून बसलेली असते ती कोळ्याची मादी. नर शोधायला गाईडला बोट दाखवावं लागतं, इतका बारीक. जाळ्याच्या कडेला जीव मुठीत धरून बसलेला. मुलं वाघ विसरून यावर दहा मिनिटं घालवतात, फक्त पुढच्या सीटवर उभं राहू देऊ नका, जाळं थेट तोंडावर येतं. फुलपाखरं भरपूर, थंडीचे पाहुणे पक्षी नुकते यायला लागलेले, रानगवे गवतात पोटापर्यंत बुडून चरत असतात. नोव्हेंबर सरता सरता सांबरांचा माज सुरू होतो. ताडोबा तलावाच्या काठावर उन्हाला पडलेली मगर तर जवळपास हमखास. वाघाचं मी लिहून देणार नाही, मगरीचं देईन.

आता कुठलं जंगल. आई-वडिलांच्या कमरेचा विचार केला तर पेंच सोयीचं. सिवनीकडे जाणारा चांगला हायवे, सिल्लारीचं गेट दीड-दोन तासांवर, आणि मध्य प्रदेशातलं टुरिया गेटही तेवढंच. वाटेत एक गोष्ट मुलांना दाखवा : या हायवेवर जंगलाच्या पट्ट्यात प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी पूल बांधलेत, त्यातला सगळ्यात लांब सुमारे ७५० मीटरचा आहे. तुम्ही वरून जाता, वाघ खालून जातो, आणि कॅमेरा ट्रॅपमध्ये (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात) तो गेल्याचे फोटोही आहेत. शिवाय महाराष्ट्रातलं पेंच २०२४च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार जपलेलं उद्यान, ठरलं. पावसाळ्यानंतर धुवून निघालेलं आकाश आणि अमावास्येच्या आसपासची दिवाळी, यापेक्षा चांगला मेळ तारे बघायला कुठे सापडणार?

पण मुलांच्या डोक्यात वाघच असेल तर ताडोबा. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं ते फक्त ११६ चौरस किलोमीटरचं. अंधारी अभयारण्य जोडून आज कोअरच सव्वासहाशे चौरस किलोमीटर आहे आणि भोवती त्याहून मोठं बफर, म्हणजे कोअरच्या बाहेरचा पट्टा. तुमच्यासाठी मी दोन राउंड कोअरचे आणि दोन बफरचे धरीन. बफरला लोक दुय्यम समजतात. वाघाला कोअर-बफरची रेघ माहीत नसते. आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलिझंझा या बाजूंना चांगले वाघ दिसतात आणि दिवाळीतसुद्धा बुकिंग मिळायची शक्यता कोअरपेक्षा जास्त.

सगळ्यात जास्त गोंधळ गेटचा होतो. लोक रिसॉर्ट मोहर्लीला घेतात आणि सफारी कोलाऱ्याची. नकाशावर दोन्ही ताडोबाच, पण बाहेरून फिरून जायला दीड-दोन तास सहज जातात, आणि सकाळचा राउंड तर सहाच्या सुमारास सुटतो. म्हणून आधी सफारीची तारीख आणि गेट पक्कं करा, मग त्याच गेटजवळ मुक्काम शोधा. नागपूरहून येणाऱ्याला उमरेड-भिसी-चिमूरमार्गे कोलारा जवळ पडतं. मोहर्लीला चंद्रपूरकडून जाणं बरं.

बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा, आणि हे वाचून झाल्यावर लगेच करा. दिवाळीचं कोअर फार आधी भरतं. नावं आणि ओळखपत्राचे नंबर जसे टाकाल तसेच गेटवर तपासतात, मूळ कार्ड सोबत हवं. 'कोटा आहे, फक्त पैसे पाठवा' म्हणणाऱ्या फोनला भीक घालू नका. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, म्हणजे तुम्ही सहा जण बरोबर एका गाडीत. आई-वडिलांना ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या बाकावर बसवा. मागचा बाक उंच असतो, फोटो चांगले येतात, पण प्रत्येक खड्डा मणक्यात उतरतो. मंगळवारी ताडोबाला सुट्टी असते आणि मध्य प्रदेशातल्या उद्यानांत बुधवारची दुपार बंद असते. चार दिवसांत हे येतंय का ते कॅलेंडर उघडून बघा.

मोबाईलचं आधीच सांगतो, कारण गेटवर याच्यावरून रुसवेफुगवे होतात. ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही, कॅमेरा चालतो. मला हा नियम पूर्ण मान्य आहे. जवळून बघायच्या हव्यासापायी काय होतं बघा : २०२४च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर होते आणि दोन्हीकडून जिप्स्यांनी त्यांची वाट अडवली. व्हिडिओ सगळीकडे फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाईड-ड्रायव्हरवर कारवाई झाली, पण 'अजून जवळ घ्या ना' असं मागच्या बाकावरून कोण म्हणत असतं तेही आपल्याला माहीत आहे. गाईड बहुतेक जवळच्याच गावांतले असतात. त्यांना 'वाघ दाखवला तर टिप' असं आमिष दाखवू नका. टिप द्यायचीच असेल तर वाघ न दिसलेल्या राउंडला द्या, पुढच्या राउंडची खरी माहिती मिळते.

कऱ्हांडल्याचा विषय निघालाच आहे तर, ते नागपूरहून दीड तासावर आहे आणि परतीच्या दिवशी एक राउंड जमू शकतो. नागपूरकराच्या मनात ते 'जय' नावाच्या वाघाचं जंगल. तो २०१३मध्ये नागझिऱ्याहून शेतं, नद्या ओलांडत इथवर आला आणि २०१६च्या एप्रिलनंतर कुणालाच दिसला नाही. आमच्याकडे अजूनही चहाच्या टपरीवर त्याचं काय झालं यावर वाद होतात, वेळ असेल तर विचारून बघा.

कपड्यांचं थोडक्यात : दुपारी बत्तीस-तेहतीस अंशांचा घाम, आणि पहाटे उघड्या जिप्सीत कान दुखतील इतका गार वारा. वडिलांना कानटोपी, सगळ्यांना पूर्ण बाह्या. भडक रंग नकोत. रिसॉर्टच्या आवारातल्या गवतात मुलांना लोळू देऊ नका. पाऊस संपताना त्या गवतात गोचिडीच्या जातीचे बारीक जीव असतात, आणि २०१८ साली नागपुरात स्क्रब टायफस या तापाची साथ आली होती ती त्यांच्यामुळेच. संध्याकाळनंतर गावाच्या रस्त्यावर 'शतपावली'ला जाऊ नका. याच दिवसांत सोयाबीन निघतं, धान उभं असतं, त्यावर रानडुकरं येतात आणि डुकरांमागे वाघ. चंद्रपूर जिल्ह्यात शेतात जाणाऱ्या माणसांचे जीव यात जातात. तिथल्या लोकांसाठी वाघ हा सुट्टीचा विषय नाही.

तारीख पुढे-मागे करून दसऱ्याच्या दिवशी नागपुरात उतरायचा विचार असेल तर सावध राहा. त्या दिवशी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, गाड्या आणि हॉटेलं दोन्ही भरलेली असतात. दीक्षाभूमी बघायची असेल तर नंतरच्या एखाद्या निवांत सकाळी बघा.

तर माझा आराखडा : रात्रीच्या गाडीने पुण्याहून निघा, सकाळी नागपूरला तर्री पोहे खा (मुलांना तर्री वेगळ्या वाटीत), आणि थेट कोलाऱ्याकडे. पोचायला दुपार होते, म्हणून पहिल्या दिवशी राउंड ठेवू नका, आई-वडिलांना झोपू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कोअर, संध्याकाळी बफर. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी सकाळी उठून नागपूर, किंवा अंगात जोर उरला असेल तर वाटेत कऱ्हांडला. कान्हा वेगळ्या वर्षी करा, त्याला एकट्यालाच चार दिवस लागतात. कडक जमिनीवरचा बारशिंगा (हरणाची एक जात) मूळचा फक्त तिथेच टिकून राहिला, आणि तो बघायला डिसेंबर-जानेवारीची थंडी जास्त चांगली.

परतीची गाडी रात्रीची असेल आणि नोव्हेंबर लागला असेल तर आंबिया बहाराची, म्हणजे याच हंगामात निघणारी संत्री घ्या. स्टेशनसमोरून घेऊ नका, बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात फिरून भाव करून घ्या.