आधी कंडेन्सर बघ

मायक्रोस्कोप घेताना '२०००एक्स'च्या, म्हणजे दोन हजारपट मोठं दाखवण्याच्या, जाहिरातीला भुलू नकोस. तपशील किती दिसणार हे ऑब्जेक्टिव्हच्या (नमुन्याजवळच्या भिंगाच्या) न्यूमरिकल अपर्चरवर, म्हणजे ते भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्या आकड्यावर, ठरतं. त्या आकड्याच्या साधारण हजारपटीपुढे मोठं केलं, तर प्रतिमा नुसती फुगते. वर-खाली होणारा कंडेन्सर (नमुन्यावर खालून प्रकाश एकवटणारं भिंग) आणि आयरिस डायफ्रॅम (त्या प्रकाशाची वाट लहान-मोठी करणारी झडप) मात्र असायलाच हवेत.

डबक्यातला पॅरामिशियम हा एकपेशीय जीव जवळजवळ पारदर्शक, म्हणून नवखे डायफ्रॅम पार मिटून टाकतात. उठाव येतो, पण बारकावे जातात. आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) काढून नळीत डोकाव. उजेडाचं वर्तुळ पाऊण भरेल इतपत डायफ्रॅम उघडा ठेव. आणि एकदा कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या जागी मधोमध काळ्या कागदाची गोल टिकली ठेव, डायफ्रॅम पूर्ण उघड आणि १०एक्सच्या ऑब्जेक्टिव्हने बघ! काळ्याभोर पार्श्वभूमीवर ते जीव असे उजळतात, की मला अजूनही तिथून उठवत नाही.